घोड्याला घरी इंजेक्शन देताना: खरी परीक्षा पाचव्या दिवशी

पहिलं इंजेक्शन बहुतेक घोडे मुकाट घेतात, कारण पुढे काय होणार आहे याची त्यांना कल्पनाच नसते. दुसऱ्या दिवशी स्पिरिटचा वास आला की कान मागे पडतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात दिसताच घोडा कोपऱ्यात जातो आणि पुठ्ठा तुमच्याकडे करून उभा राहतो. डॉक्टर पहिला डोस स्वतः देतात, पाच दिवसांचा कोर्स लिहून देतात आणि निघून जातात. उरलेले डोस तुमच्यावर. म्हणून पुढचं सगळं मी एकाच हिशेबाने लिहिलं आहे: आज असं टोचायचं, की उद्याही घोडा आपल्याला जवळ येऊ देईल.

घरी काय द्यायचं आणि काय नाही, हे आधी पक्कं करू. डॉक्टरांनी घोडा तपासून लिहून दिलेलं, स्नायूत द्यायचं औषध, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा टोचून दाखवल्यानंतर. बस्स, एवढंच. लेख वाचून हात बसत नाही. डॉक्टर समोर असताना आपण टोचावं आणि त्यांनी चुका काढाव्यात, याला दुसरा पर्याय नाही.

शिरेतलं इंजेक्शन घरी नकोच. मानेतल्या ज्या मोठ्या शिरेत डॉक्टर सहज सुई घालतात, तिच्या अगदी जवळून मेंदूकडे रक्त नेणारी धमनी जाते. औषध चुकून धमनीत गेलं तर ते थेट मेंदूत पोचतं आणि घोडा क्षणात झटके येऊन कोसळतो. खाली कोण उभं आहे हे तो बघत नाही.

काही औषधं स्नायूतही चालत नाहीत. दुखणं कमी करणारं फिनाइलब्युटाझोन स्नायूत दिलं तर तिथलं मांस सडतं. पोटदुखीवर वापरलं जाणारं फ्लुनिक्सिन काही ठिकाणी अजूनही सर्रास मानेत टोचलं जातं, पण त्या जागी क्लोस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचा संसर्ग होऊन घोडे दगावल्याची उदाहरणं आहेत. ते तोंडाने देता येतं, तर सुईचा हट्ट कशाला? आणि गोठ्यातल्या फडताळात गुरांचं औषध उरलंय म्हणून ते घोड्याला, हा प्रकार कधीच नको. गुरांना दिलं जाणारं टिल्मिकोसिन घोड्याचा जीव घेऊ शकतं, आणि चुकून स्वतःला टोचलं गेलं तर माणसाचाही. घोड्याला गुंगी आणणाऱ्या औषधांचंही तेच. त्यांची सुई आपल्या हातात घुसली तर दवाखाना गाठावाच लागतो. अशा वेळी बाटली सोबत न्यायची, म्हणजे काय गेलंय ते तिथल्या डॉक्टरांना कळतं.

आता हिशेब. डोस वजनावर ठरतो आणि डोळ्यांनी केलेला वजनाचा अंदाज हमखास चुकतो. टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून, खोगिराचा तंग बसतो तिथून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. घेराला घेराने गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर ४५० किलो येतं. शिंगराला आणि गाभण घोडीला हे सूत्र लागू पडत नाही.

या ४५० किलोच्या घोड्याला प्रोकेन पेनिसिलिन लिहून दिलंय असं धरा. नेहमीचा डोस किलोला २२,००० युनिट, दिवसातून दोनदा. म्हणजे एका वेळी ९९ लाख युनिट. बाटलीत एका मिलीला ३ लाख युनिट असतील तर ३३ मिली. एका जागी १० ते १५ मिलीपेक्षा जास्त घालू नये, म्हणजे एका वेळी तीन टोचण्या. पाच दिवसांत दहा वेळा, एकूण तीस. हा आकडा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून बघा. घोड्याचा धीर कशासाठी जपायचा ते त्यावरून कळतं. तोंडाने देता येईल असं दुसरं औषध चालेल का, हेही डॉक्टरांना तेव्हाच विचारून घ्या. कधी चालतं, कधी नाही, पण विचारायला लाजू नये. शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरणारा घोडा असेल तर तेही आधी सांगा, कारण यातलं प्रोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, डोपिंगच्या तपासणीत बऱ्याच दिवसांनंतरही सापडतं.

सामान

मोठ्या घोड्याला दीड इंची सुई. औषध पेनिसिलिनसारखं दाट असेल तर १८ नंबर, लस किंवा पातळ औषध असेल तर २० नंबर. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. शिंगराला एक इंची, २० किंवा २२ नंबरची. बारीक सुई कमी दुखते म्हणून दाट औषधालाही तीच वापरायचा मोह होतो. मग औषध उतरता उतरत नाही, दट्ट्यावर अंगठा पांढराफटक पडतो आणि तोवर घोड्याचा धीर सुटतो. १८ नंबरची सुई आत जाताना थोडी जास्त टोचते, पण काम लवकर संपतं. मला हा सौदा पटतो.

सिरिंज फिरवून सुई घट्ट बसते अशी घ्या. नुसत्या दाबून बसवलेल्या सुईवर दाट औषध जोराने ढकललं की ती सुटते आणि औषध तुमच्या तोंडावर. प्रत्येक टोचणीला नवी सुई, आणि बाटलीतून औषध ओढायला आणखी एक वेगळी. रबरी बुचातून एकदा गेलेली सुई बोथट होते. आपल्याला ते दिसत नाही, घोड्याला कळतं.

शिवाय स्पिरिट, कापूस, वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा, आणि वही. वही विसरू नका, तिचं काम पुढे येईलच.

औषध भरण्याचं काम घोड्यासमोर करू नये. आत, टेबलावर, उजेडात करा. लेबल वाचा, तारीख बघा, बूच स्पिरिटने पुसून वाळू द्या. जितके मिली औषध हवं तितकी हवा आधी बाटलीत सोडली की औषध सहज वर येतं. पेनिसिलिनची बाटली तळाशी बसलेला साका पूर्ण मिसळेपर्यंत हलवायची, नाहीतर पहिल्या डोसात पाणी आणि शेवटच्यात खडू. सिरिंज उभी धरून टिचकी मारा आणि बुडबुडे काढा. स्नायूत एखादा बुडबुडा गेल्याने घोडा मरत नाही. बुडबुड्याने डोस कमी भरतो म्हणून तो काढायचा. पेनिसिलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही आणि गाडीत तापत तर अजिबात ठेवायचं नाही. उष्णतेने त्यातलं प्रोकेन जास्त प्रमाणात विरघळतं, आणि पुढे सांगते त्या भयंकर प्रकाराचा धोका वाढतो. सुई सहज चालावी म्हणून बाटली गरम पाण्यात बुडवण्याची युक्ती कुणी सांगितली तर हसून सोडून द्या.

जागा

मान सर्वांत सोयीची, पण मानेत चूक कुठे होते ते समजून घ्यावं लागतं. बहुतेकांना वाटतं की मणके आयाळीच्या खालूनच जातात. तसं नाही. आयाळीखाली असतो एक जाड, रबरासारखा पट्टा. मणके डोक्याजवळ वर असतात आणि खांद्याकडे येता येता मानेच्या खालच्या भागात उतरतात. बोटांनी जोर लावून चाचपलं तर त्यांच्या गाठी लागतात. एकदा शांतपणे चाचपून बघा, खरारा करताना. वर तो पट्टा, खाली मणके, मागे खांद्याच्या फऱ्याची कड, यांच्या मधल्या त्रिकोणात मऊ मांस असतं. तळहाताची टाच फऱ्याच्या पुढच्या कडेला, मानेच्या उंचीच्या मध्यावर टेकवा, बोटं डोक्याकडे. तळहाताखाली जे आलं तीच जागा. वर सरकलात तर सुई पट्ट्यात जाते, औषध उतरत नाही आणि दिवसभर दुखतं. खाली सरकलात तर हाड.

दुसरी जागा मागे, मांडीच्या मागच्या स्नायूत. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खाली हाडाचं गोल टोक हाताला लागतं. त्याच्या खाली मांडीच्या मागून उतरणारा मांसल भाग. तिथे एक उभी खाच दिसते. ती दोन स्नायूंमधली फट. खाचेत टोचायचं नाही, तिच्या मागच्या भरदार मांसात टोचायचं. स्नायू मोठा, आणि गळू झालंच तर पू खाली वाहून जाऊ शकतो. अडचण एकच, तुम्ही लाथेच्या टप्प्यात उभे असता. शिंगराला मात्र हीच जागा बरी. मान दुखली की ते आचळाला लागायला टाळाटाळ करतं.

पुठ्ठ्याच्या वरच्या भागात, कमरेच्या मागे, टोचणारे पुष्कळ दिसतील. जागा मोठी दिसते आणि लाथही लागत नाही. पण तिथे गळू झालं तर पू बाहेर येण्याऐवजी खोल उतरत जातो आणि महिनोन्‌महिने निस्तरत बसावं लागतं. छातीचे स्नायू चालतात, पण तिथे सूज पटकन चढते. मी ती जागा राखून ठेवते.

आता वही. मानेची डावी-उजवी आणि मांडीची डावी-उजवी अशा चार जागांवर तीस टोचण्या वाटायच्या आहेत. तारीख, वेळ, जागा आणि किती मिली, दर वेळी लिहा. एकाच भागात पुन्हा टोचायचं तर आदल्या टोचणीपासून चार बोटं तरी अंतर ठेवा. 'मला लक्षात राहतं' म्हणणाऱ्यांत मीही होते. एकदा तिसऱ्या दिवशी सकाळी डावी बाजू झाली की उजवी हे आठवेना. अंदाजाने डावी टोचली आणि दुपारपर्यंत लिंबाएवढी गाठ वर आली. तेव्हापासून वही दाराच्या खिळ्याला दोरीने बांधलेली असते, पेन्सिलीसकट.

माणसं

दोन माणसं लागतात. घोडा खुंट्याला बांधून एकट्याने टोचू नये. बिचकून मागे ओढणारा घोडा मोहरकी तोडतो, नाहीतर मान मोडून घेतो. धरणाऱ्याने दोर हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही, आणि टोचणारा ज्या बाजूला असेल त्याच बाजूला उभं राहायचं. कारण साधं आहे. घोडा उसळला की धरणारा डोकं आपल्याकडे ओढतो, त्याबरोबर घोड्याचा मागचा भाग दोघांपासून दूर फिरतो. धरणारा पलीकडे असेल तर तोच मागचा भाग तुमच्या अंगावर येतो.

घोडा सपाट, न घसरणाऱ्या जागी उभा करा, आजूबाजूला बादल्या-फावडी नकोत. तुम्ही भिंत आणि घोडा यांच्या मध्ये तर कधीच नको. मानेत टोचताना डोकं थोडं आपल्या बाजूला वळवलं की त्या बाजूचा स्नायू सैल पडतो. मागे टोचायचं असेल तर कमरेशी अंग टेकवून, तोंड शेपटीकडे करून उभं राहा. लांब उभं राहून हात पुढे करणारा माणूस लाथेच्या पूर्ण जोरात सापडतो. अंगाला चिकटलेला फार तर ढकलला जातो.

टोचणं

जागेवर चिखल, घाम असेल तर आधी ब्रशने साफ करा. धुळीवर स्पिरिट चोळलं तर नुसता चिखल होतो. मग स्पिरिटचा बोळा, आणि वाळेपर्यंत थांबा. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत जाऊन चुरचुरतं आणि त्याचा राग घोडा सुईवर काढतो.

मुठीने दोन-तीनदा थोपटायचं आणि त्याच तालात सुई मारायची, अशी जुनी रीत आहे. मीही तशीच शिकले. आमच्या एका घोडीने दोनच दिवसांत मोजायला सुरुवात केली: एक थाप, दोन थापा, आणि तिसरीआधीच ती दगडासारखी ताठ. ताठ स्नायूत सुई जास्त दुखते. त्यामुळे आता चिमटीने काम करते. डाव्या हाताने जागेशेजारची कातडी चिमटीत धरायची, थोडी ओढायची आणि तशीच काही क्षण ठेवायची. घोडा आधी लक्ष देतो, मग सोडून देतो. त्याचा कान दुसरीकडे वळला की चिमटीच्या पायथ्याशी सुई.

पहिल्यांदा नुसती सुई, सिरिंज न जोडता. कातडीला काटकोनात, एका दमात, जवळजवळ बुडापर्यंत. हळूहळू रुतवणं ही दया नव्हे. कातडीलाच सगळ्यात जास्त कळतं, तिच्यातून चटकन पार व्हायचं. घोडा उसळला तर हात काढून घ्या, सुई आत राहू द्या, तो शांत होईपर्यंत त्याच्याबरोबर चाला. सिरिंज जोडलेली असती तर तिच्या वजनाने सुई हलून आतलं मांस फाटलं असतं.

आता सुईच्या बुडाकडे बघा. रक्ताचा थेंब आला तर ती शिरेत आहे. बाहेर काढा, नवी सुई, नवी जागा. कोरडी असेल तर सिरिंज फिरवून बसवा, दट्ट्या थोडा मागे ओढा आणि दोन क्षण थांबून बघा. ही पायरी कंटाळून गाळू नका, दहाव्या वेळीसुद्धा नाही. दाट पांढऱ्या औषधात रक्ताची रेघ पटकन दिसत नाही, म्हणून उजेड हवा. काही आलं नाही, तर एकसारख्या दाबाने औषध सोडा. मध्येच घोडा हलला तर पुन्हा मागे ओढून बघायचं, कारण सुईचं टोक सरकलेलं असू शकतं. संपलं की सिरिंज-सुई एकदम बाहेर, जागेवर तळवा दाबून थोडं चोळा. सुईला टोपी परत घालायला जाऊ नका, बरेच जण स्वतःला टोचून घेतात ते तिथेच. सरळ डब्यात.

आणि मग घोड्याला लगेच सोडू नका. तिथेच उभं राहून आयाळीखाली खाजवा, मूठभर चंदी द्या, मग सोडा. सुई निघाली की माणूस पळतो हे घोड्याने पाहिलं, की उद्या तोही पळतो.

बिघडलं तर

पेनिसिलिनमधलं प्रोकेन रक्तात शिरलं तर काही सेकंदांत घोड्याचे डोळे विस्फारतात, तो फुरफुरतो, गोल फिरतो, मागच्या पायांवर उभा राहतो, भिंतींवर आदळतो. त्याला धरू नका. दोर सोडा, बाहेर पडा, दार लावा. बहुतेक घोडे काही मिनिटांत भानावर येतात. माणसं जखमी होतात ती धरून ठेवण्याच्या नादात. घोडा शांत झाल्यावर डॉक्टरांना कळवा, पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय नको.

ॲलर्जी वेगळी. अंगावर गांधी उठणं, घाम, श्वास लागणं, पाय लटपटणं. हे मिनिटांत होतं, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तरी घोडा नजरेच्या टप्प्यात ठेवा. अशा वेळी काय द्यायचं आणि किती, हे डॉक्टरांना कोर्स सुरू होण्याआधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या क्षणी कुणी फोन उचलेल याची खात्री नसते.

लस दिल्यावर एखादा दिवस घोडा मलूल असणं, जागेवर छोटी गाठ येणं चालतं. एरवी त्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. ताप वर चढत असेल, गाठ गरम होऊन वाढत असेल तर गळू असू शकतं. पण एक गोष्ट दिसली की सकाळची वाट बघू नका: टोचल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने पसरणारी सूज, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर आवाज, आणि मान खाली घालून उभा राहिलेला घोडा. हा त्या क्लोस्ट्रिडियमचा संसर्ग असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

मानेच्या दुखण्याची एक खूण सहज निसटते. घोडा चारा खात नाही, पाण्याला तोंड लावत नाही, आणि आपण समजतो आजार वाढला. खरं तर त्याला मान खाली करवत नसते. बादली आणि चारा त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवून बघा. लगेच प्यायला लागला, तर दुखणं मानेतच आहे. त्या दिवशी मान सोडून द्या, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने शेका.

कोर्स संपला की सगळं विसरून जायचा मोह होतो. पण पुढची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, हे कधीतरी येणारच, आणि घोडा काही विसरलेला नसतो. म्हणून नंतरचे आठ-दहा दिवस मी तोच वेळ पाळते. खिशात मोकळी सिरिंज, सुई नाही. स्पिरिटचा बोळा मानेवर फिरवायचा, चिमटी धरायची, सिरिंजचं टोक टेकवायचं, चंदी द्यायची, निघून यायचं. त्या मोजणाऱ्या घोडीला यात सहा दिवस लागले. सातव्या दिवशी तिने बोळ्याचा वास घेतला आणि माझा चंदीचा खिसा हुंगू लागली.